दोष, हेतू आणि उसना भूतकाळ : चित्रपटातील ‘लेन्स फ्लेअर’चा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

मराठीतील चित्रपटसमीक्षा प्रामुख्याने कथानक, अभिनय, संवाद, संगीत आणि आशय या अंगांनी होत आलेली आहे. छायालेखनाचा उल्लेख येतो, तोही बहुधा ‘नेत्रसुखद’ किंवा ‘प्रभावी’ अशा एखाद्या विशेषणापुरता. दृश्य ज्या काचेतून आपल्यापर्यंत पोहोचते, त्या भिंगाचा विचार साहित्याकडून चित्रपटाकडे वळलेल्या अभ्यासकाला तांत्रिक आणि म्हणून आपल्या कक्षेबाहेरचा वाटतो. वास्तविक, कवितेचा अभ्यासक वृत्ताचा विचार तांत्रिक म्हणून टाळत नाही. मग चित्रपटाच्या अभ्यासकाने भिंगाचा विचार का टाळावा?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकापुढे एका आंतरमहाविद्यालयीन लघुपट स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलेला असताना उभा राहिला. एका विद्यार्थ्याच्या लघुपटात आजोबांच्या आठवणीचे दृश्य होते. आजोबा शेताच्या बांधावर उभे आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन आहे, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून सोनेरी वर्तुळांची एक माळ तिरकस खाली उतरते आहे. दृश्य देखणे होते. परंतु आजोबांची सावली त्यांच्या मागे पडली होती. म्हणजे सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी होता. पाठीमागच्या सूर्याचे किरण भिंगात शिरून अशी माळ उमटणे शक्य नाही. ती संगणकावर नंतर जोडलेली होती. चर्चेत त्याविषयी विचारले असता विद्यार्थ्याने प्रांजळपणे सांगितले, “सर, त्याशिवाय ते सिनेमासारखं वाटत नाही.” आम्ही परीक्षकांनी तोपर्यंत त्या लघुपटाला छायालेखनाचे चांगले गुण देऊन टाकलेले होते.

विद्यार्थ्याचे ते उत्तर आणि आमचे ते गुण या दोहोंची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे. जी गोष्ट टाळण्यासाठी भिंगनिर्मात्यांनी आणि छायालेखकांनी अर्धे शतक खर्ची घातले, तीच आज ‘सिनेमासारखे’ वाटण्याची खूण कशी झाली? आणि अशी खूण दिसली असता समीक्षकाने तिचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे?

१. फ्लेअरचे स्वरूप

प्रखर प्रकाश भिंगात थेट किंवा तिरकस शिरला की त्याचा काही अंश प्रतिमा घडविण्याऐवजी काचांच्या पृष्ठभागांवरून मागेपुढे परावर्तित होतो आणि भलत्याच ठिकाणी फिल्मवर अथवा संवेदकावर पडतो. यालाच ‘लेन्स फ्लेअर’ म्हणतात. लेप नसलेल्या साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. हे प्रमाण किरकोळ वाटते. परंतु आठ सुट्या काचांच्या भिंगात असे १६ पृष्ठभाग असतात. प्रत्येक पृष्ठभागातून ९६ टक्केच प्रकाश पुढे गेला, तर सोळाव्या पृष्ठभागापलीकडे मूळ प्रकाशाचा जेमतेम ५२ टक्के भाग उरतो. परावर्तित झालेल्या प्रकाशापैकी काही प्रकाश दोन पृष्ठभागांमध्ये आपटून पुन्हा पुढे येतो. १६ पृष्ठभागांच्या अशा १२० जोड्या होतात. पडद्यावर दिसणारी वर्तुळांची किंवा बहुकोनांची माळ ही या जोड्यांची निर्मिती असते. भिंगातील छिद्राच्या पात्यांचा आकार त्या बहुकोनांना मिळतो.

फ्लेअरचे दुसरे रूप कमी ठळक, पण अधिक व्यापक आहे. विखुरलेला प्रकाश संपूर्ण चौकटीवर पसरतो. काळा रंग करडा होतो, रंग फिके पडतात, चेहऱ्यावरचे बारकावे पुसट होतात. तिसरे रूप ॲनामॉर्फिक भिंगांचे. रुंद पडद्यासाठी दृश्य आडवे आक्रसून टिपणाऱ्या या भिंगांत दंडगोलाकृती काचा असतात. त्यामुळे दिव्यासारख्या ठिपक्यातून एक लांबलचक आडवी रेघ, बहुधा निळसर, पडद्यावर ओढली जाते. १९५३ च्या ‘द रोब’ या चित्रपटापासून सिनेमास्कोप रूढ झाले आणि ही रेघ प्रेक्षकांच्या परिचयाची होत गेली.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गुरुदत्त यांच्या ‘कागज़ के फूल’ (१९५९) या भारतातील पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साह्याने सूर्यप्रकाश स्टुडिओत आणून जो झोत निर्माण केला, तो सर्वपरिचित आहे. तो झोत फ्लेअर नव्हे. तो हवेतील कणांवर उजळलेला, पात्रांच्या जगातला प्रकाश आहे. पात्रे त्याच्यात शिरू शकतात. फ्लेअर मात्र पात्रांच्या जगात नसतोच. घराच्या कौलातून आलेला कवडसा जमिनीवर पडावा, तसा तो भिंगाच्या घरात पडलेला कवडसा आहे. पात्रांना तो दिसत नाही, फक्त प्रेक्षकाला दिसतो. म्हणून फ्लेअर उमटला की पाहणाऱ्या यंत्राचे अस्तित्व, कितीही सूक्ष्मपणे का होईना, उघड होते. त्याचे सौंदर्यशास्त्रीय महत्त्व आणि त्याचा धोका या दोहोंचे मूळ येथेच आहे.

२. टाळण्याचा इतिहास

आज ‘जुने’ म्हणून ज्या धूसर, चमकत्या प्रतिमेचे कौतुक होते, ती जुन्या छायालेखकांना नको होती, ही बाब मुद्दाम अधोरेखित करणे आवश्यक आहे. १८९० च्या दशकात इंग्रज भिंगतज्ज्ञ एच. डेनिस टेलर यांच्या लक्षात आले, की हवेच्या परिणामाने डागाळलेली जुनी भिंगे नव्यांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. काचेवरील अतिसूक्ष्म थर परावर्तन कमी करतो, हे त्यामागील कारण. पुढे १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर असा थर हेतुपूर्वक चढविण्याची पद्धत शोधून तिचे पेटंट घेतले. ग्रेग टोलंड यांनी ‘सिटिझन केन’ (१९४१) चित्रित करताना लेप दिलेली भिंगे वापरली. त्यामुळे प्रतिमेची स्पष्टता वाढली. १९७० च्या दशकात अनेक थरांचे लेप सार्वत्रिक होत गेले.

लेपांच्या आधीही स्टुडिओंतील कारागीर स्वस्थ बसलेले नव्हते. भिंगापुढे मॅट बॉक्स लावणे, दिव्यांना काळे पडदे आडवे धरणे, सूर्य चौकटीबाहेर आणि शक्यतो पाठीशी ठेवणे, हा रोजच्या कामाचा भाग होता. ज्या दृश्यात फ्लेअर येई, ते सामान्यतः वाया गेलेले समजले जाई. १९३० च्या दशकापासून हॉलिवुडमध्ये नावाजलेली, लेस्टर येथे बनणारी कुक स्पीड पांक्रो ही भिंगे आज मऊ, उबदार प्रतिमेसाठी नावाजली जातात. ज्यांनी ती प्रथम वापरली, त्यांना ती हवी होती अधिक प्रकाश आत घेण्यासाठी. तो मऊपणा हे भिंगाचे उद्दिष्ट नव्हते. ती त्या काळच्या काचेची मर्यादा होती.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. फ्लेअर टाळता येत नव्हता, तोवर त्याला अर्थ नव्हता. तो केवळ दोष होता. तो टाळणे सोपे झाल्यानंतरच त्याला न टाळणे ही अभिव्यक्ती ठरू शकली. अर्थ निवडीतून जन्माला येतो. कवीने यतिभंग केला असे आपण तेव्हाच म्हणतो, जेव्हा त्याला यती सांभाळता येतो याची आपल्याला खात्री असते.

३. दोषाची निवड होते तेव्हा

या निवडीची पूर्वखूण अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ (१९५०) मध्ये सापडते. छायालेखक काझुओ मियागावा यांनी कॅमेरा थेट सूर्याकडे वळविला. त्या काळी हे निषिद्ध मानले जाई. सूर्याच्या किरणांनी फिल्म जळेल अशी भीती होती. येथे फ्लेअरपेक्षा सूर्याकडे पाहण्याचे धाडस महत्त्वाचे आहे. लाकूडतोड्या अरण्यात चालत जातो तेव्हा सूर्य पानांच्या जाळीतून दिसतो, लपतो, पुन्हा डोळे दिपवतो. एकाच घटनेच्या परस्परविरोधी हकिगती सांगणाऱ्या या चित्रपटात सत्य प्रकाशासारखे सर्वत्र आहे, पण त्याच्याकडे पाहू गेले की दृष्टीच जाते. चित्रपटाचा आशय आणि भिंगाची अडचण येथे एक होतात.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन चित्रपटात ही निवड उघड झाली. ‘कूल हँड ल्यूक’ (१९६७) मध्ये छायालेखक कॉनराड हॉल यांनी रस्त्यावर राबणाऱ्या कैद्यांवर तळपणारा सूर्य भिंगात येऊ दिला. त्या फ्लेअरने उन्हाचे वर्णन होत नाही. प्रेक्षकाला ऊन डोळ्यांत खुपते. याच चित्रपटातील पहारेकऱ्याच्या आरशासारख्या काळ्या चष्म्याची आठवण येथे ठेवावी. सत्तेचे डोळे दिसत नाहीत, फक्त काच चमकते. आणि कैद्यांबरोबर आपणही त्या चकाकीपुढे डोळे मिटून घेतो. ‘इझी रायडर’ (१९६९) मध्ये लास्लो कोवाच यांनी मोटारसायकलस्वारांचे चित्रण स्टुडिओपासून दूर, उघड्या रस्त्यांवर केले. तेथे भिंगावर ओघळणारा सूर्य हा ‘आम्ही खरोखर तेथे होतो’ याची साक्ष ठरतो. स्टुडिओच्या नियंत्रित प्रकाशाला कंटाळलेल्या पिढीला ही साक्ष हवी होती.

‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) मध्ये व्हिल्मोस झिग्मंड यांनी ॲनामॉर्फिक भिंगांतील झळाळीला आणखी एक अर्थ दिला. परग्रहावरून आलेल्या यानाचे दिवे इतके प्रखर आहेत, की ज्याची प्रतिमा घ्यायची तेच प्रतिमेत मावत नाही. मानवी दृष्टीच्या पलीकडचे काही समोर उभे आहे, हे सांगण्याचे काम भिंगाच्या असमर्थतेने केले आहे.

या उदाहरणांत तीन गोष्टी समान आढळतात. पहिली, फ्लेअरला कथेच्या जगात उगम आहे: सूर्य किंवा दिवा. दुसरी, फ्लेअरची किंमत मोजलेली आहे: काहीतरी दिसेनासे झाले आहे आणि ते दिसेनासे होणे अर्थपूर्ण आहे. तिसरी, फ्लेअर सर्वत्र नाही. चित्रपटाच्या ओघात त्याला ठरावीक स्थान आहे. उगम, किंमत आणि स्थान या तीन कसोट्या फ्लेअरच्या समीक्षेसाठी उपयुक्त ठरतील असे वाटते.

४. जुन्या वळणाची नवी भिंगे

२००७ मध्ये आलेला रेड वन आणि २०१० मध्ये आलेला ॲरी अलेक्सा यांसारख्या डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मची जागा झपाट्याने घेतली. संवेदकाची प्रतिमा अतिशय नितळ होती. अनेक छायालेखकांना ती कोरडी वाटू लागली. फिल्मच्या कणांतून येणारा जिवंतपणा गेल्यावर तो भिंगातून परत आणावा, या विचाराने जुन्या भिंगांना मागणी आली. कुक स्पीड पांक्रो किंवा १९७० च्या दशकातील कॅनन के-३५ यांसारखे संच नव्या आवरणात बसवून वापरात आले. प्राइम भिंगांना, म्हणजे एकाच नाभीय अंतराच्या भिंगांना, यात विशेष स्थान मिळाले. झूम भिंगाच्या तुलनेत त्यांत काचा कमी असतात. त्यामुळे प्रत्येक भिंगाचा फ्लेअर ओळखता येण्याइतका स्वतंत्र असतो.

जुनी भिंगे संख्येने थोडी आणि अवस्थेने असमान. तेव्हा निर्मात्यांनी नवीच भिंगे जुन्या वळणाची घडविली. कुक कंपनीने पांक्रोची पुनर्रचना बाजारात आणली. २०१९ मध्ये जपानच्या सिग्मा कंपनीने लेप न दिलेल्या काचा वापरलेला प्राइम भिंगांचा संच जाहीर केला. त्याच वर्षी झाइसने आपल्या सुप्रीम प्राइम मालिकेत ‘रेडियन्स’ हा संच आणला. त्यातील काचांचा लेपच असा योजलेला आहे, की प्रखर प्रकाश समोर येताच निळसर फ्लेअर उमटावा. ज्या कंपनीत १९३५ मध्ये परावर्तन थोपविणारा लेप सिद्ध झाला, तिनेच परावर्तन दिसावे म्हणून लेप तयार करावा, यात या संपूर्ण इतिहासाचे वळण सामावलेले आहे.

या भिंगांना खोटे ठरविण्याचे कारण नाही. त्यांतून उमटणारा फ्लेअर भौतिक अर्थाने खराच असतो. दिवा हलला की तोही हलतो, पात्र आडवे आले की विझतो. आक्षेप त्यांच्यासोबत येणाऱ्या ‘भूतकाळा’ला आहे. मागील विभागांत पाहिल्याप्रमाणे १९३० किंवा १९४० च्या दशकातील चित्रपट फ्लेअरने भरलेले नव्हते. तेव्हा ‘व्हिंटेज’ म्हणून आपल्यापुढे ठेवली जाणारी प्रतिमा ही त्या काळाची स्मृती नाही. त्या काळाने जे निपटून टाकले, त्याची ही जुळवाजुळव आहे. जुना काळ धूसर होता हे आपले आजचे गृहीतक आहे. त्या काळच्या माणसांना आपला वर्तमान आपल्याइतकाच लख्ख दिसत होता.

५. कसोट्यांचे उपयोजन

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) साठी छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी आधुनिक भिंगांवरील लेप काढून टाकले, जेणेकरून ती १९४० च्या दशकातील भिंगांसारखी वागावीत. ६ जून १९४४ च्या ओमाहा किनाऱ्यावरील प्रसंगात या निर्णयाची किंमत स्पष्ट दिसते. रंग विटतात, काळे करडे होते, आकाशाचा पांढुरका उजेड चौकटभर पसरतो. सैनिकांना जे धड दिसत नाही, ते प्रेक्षकालाही धड दिसत नाही. उगम आणि किंमत या दोन्ही कसोट्यांवर हा प्रयोग उतरतो. तरीही एक आक्षेप उरतो. युद्धवार्ताहराच्या कॅमेऱ्यातील दोष हे त्याने पत्करलेल्या धोक्याचे चिन्ह होते. येथे ते चिन्ह धोक्याविना उसने घेतलेले आहे. ही साक्ष नव्हे, साक्षीची शैली आहे. समीक्षकाने शैलीला दाद द्यावी; तिला साक्ष समजू नये.

जे. जे. अब्राम्स यांच्या ‘स्टार ट्रेक’ (२००९) मध्ये छायालेखक डॅन मिंडेल यांच्यासह चौकटीबाहेरून हातातील प्रखर विजेऱ्या भिंगावर रोखून फ्लेअर घडविण्यात आले. भविष्यकाळ इतका उज्ज्वल, की तो चौकटीत मावू नये, ही त्यामागील कल्पना. ‘क्लोज एन्काउंटर्स’शी तिचे नाते उघड आहे. परंतु तेथे प्रकाशाला यानाचा उगम होता आणि कथेच्या ओघात नेमके स्थान होते; येथे साध्या संभाषणातही निळ्या रेघा चेहऱ्यांवरून जातात. उगम दिसत नाही आणि स्थान उरत नाही. सर्वत्र असलेला अलंकार हळूहळू दिसेनासा होतो अथवा खटकू लागतो. अतिरेक झाल्याची कबुली स्वतः अब्राम्स यांनी २०१३ मध्ये दिली.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. पिक्सारचा ‘वॉल-ई’ (२००८) हा संगणकनिर्मित चित्रपट. तेथे भिंगच नाही, त्यामुळे फ्लेअर उमटण्याचे भौतिक कारणही नाही. तरीही दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी १९७० च्या दशकातील ॲनामॉर्फिक चित्रणाचे गुणदोष संगणकात मुद्दाम घडविले. त्यासाठी छायालेखक रॉजर डीकिन्स यांचा सल्ला घेतला. वरकरणी हा आमच्या विद्यार्थ्याच्या सोनेरी माळेचाच प्रकार वाटतो. फरक असा, की येथे प्रकाशाचा उगम कल्पित जगात काटेकोरपणे ठरलेला आहे आणि भिंगाची नक्कल त्याच्याशी प्रामाणिक राहते. निर्मनुष्य पृथ्वीवर एकट्याच उरलेल्या यंत्राकडे कोणीतरी पाहत आहे, ही जाणीव त्या नसलेल्या भिंगाने निर्माण होते. म्हणजे ‘खरा’ फ्लेअर आणि ‘कृत्रिम’ फ्लेअर हा भेद समीक्षेला पुरेसा नाही. कृत्रिम फ्लेअर सार्थ असू शकतो आणि महागड्या काचेतून उमटलेला खरा फ्लेअर निरर्थक.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) फ्लेअर हा पात्रांच्या जगातील प्रकाश नसून पाहणाऱ्या यंत्राचा आविष्कार आहे, म्हणून त्याचा विचार प्रकाशयोजनेबरोबरच दृष्टिकोनाच्या अंगानेही झाला पाहिजे.

२) तो टाळणे शक्य झाल्यानंतरच त्याला अर्थ प्राप्त झाला. जुन्या वळणाच्या भिंगांमुळे तो पुन्हा आपोआप उमटू लागला, तर तो अर्थ क्षीण होण्याचा संभव आहे.

३) ‘व्हिंटेज’ प्रतिमा ही भूतकाळाची नोंद नसून भूतकाळाविषयीची आजची कल्पना आहे.

४) फ्लेअरचे मूल्यमापन खरेपणावर न करता उगम, किंमत आणि स्थान या कसोट्यांवर करणे अधिक फलदायी ठरते.

या कसोट्या घेऊन त्या विद्यार्थ्याच्या लघुपटाकडे परत गेले, तर त्याच्या माळेला उगम नाही हे सहज सांगता येते. पण अधिक गंभीर आहे ती तिची किंमत. सोनेरी वर्तुळांपैकी एक नेमके आजोबांच्या डोळ्यांवर आले होते. आठवणीचे दृश्य आठवणीसारखे दिसावे म्हणून ज्याची आठवण काढायची त्याचाच चेहरा झाकला गेला. बांधावरचे लख्ख ऊन, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि मागे पडलेली आखूड सावली हे सारे त्याच्या साध्या कॅमेऱ्याने नीट टिपले होते. ते ‘सिनेमासारखे’ आहे एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. ते सांगणे आमचे काम होते. आम्ही मात्र त्या वर्तुळांना गुण दिले.